डबा चपलांच्या कपाटावर, पासवर्ड सगळ्या मजल्यांवर

घरातल्या वाय-फायबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. बरीचशी एकाच दुखण्याची होती, म्हणून त्यातली निवडक घेते. मी ठाण्यात घरं, दवाखाने, क्लासेस, सोसायटीची ऑफिसं अशा ठिकाणी नेटवर्क जोडून देते, तेव्हा उत्तरं शिडीवर चढून दिलेली आहेत असं समजा. कंपन्यांची नावं घेणार नाही. डबा, म्हणजे वाय-फायचा राउटर, कुणाचाही असो, रडगाणं तेच असतं.

प्रश्न : ताई, आम्ही कासारवडवलीला नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहायला आलोय. दोनशे एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं. हॉलमध्ये झकास चालतं, पण मागच्या बेडरूममध्ये मुलीची ऑफिसची मीटिंग सारखी अडकते. नेटवाला म्हणतो, बूस्टर लावून घ्या. घ्यावा का?

उत्तर : थांबा, इतक्यात पाकीट काढू नका. डबा कुठे ठेवलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही, तरी मी सांगते : दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर. नाहीतर इलेक्ट्रिकच्या डीबीखाली, म्हणजे मेन स्विचच्या पेटीखाली. घोडबंदर रोडला ज्या घरात जावं तिथे तो तिथेच सापडतो. फायबर लिफ्टजवळच्या डक्टमधून वर येते, दाराच्या चौकटीतून आत शिरते, आणि जोडायला आलेल्या पोराला त्याच दिवशी आणखी पाच घरं करायची असतात. आत शिरल्यावर जो पहिला प्लग दिसेल तिथे डबा बसतो. तुमची बेडरूम घराच्या दुसऱ्या टोकाला आहे याच्याशी त्याला काय करायचंय?

आता भिंतींचं बघू. तुमच्या टॉवरमध्ये आतल्या भिंती विटांच्या नसणार. अॅल्युमिनियमचे साचे उभे करून स्लॅब आणि भिंती एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘मायवान’ म्हणून मिरवलेलं असतं ते हेच. भिंत पातळ असते, पण सगळी काँक्रीटची आणि आत सळयांची जाळी. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत विटेच्या भिंतीतून लहरी कशाबशा पलीकडे जातात. मायवानच्या दोन भिंती आडव्या आल्या की ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळजवळ संपतोच. मग फोन मुकाट्याने २.४ गिगाहर्ट्झवर जातो. तो लांब पोचतो, पण तिथे सगळ्या टॉवरची गर्दी असते. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन : १, ६ आणि ११. तुमच्या मजल्यावरचे, वरचे, खालचे असे वीसेक डबे या तिघांतच कोंबलेले. त्यात मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, म्हणजे स्वयंपाकघरात कुणी दूध गरम करायला लावलं की तेवढा वेळ आणखी खरखर.

बूस्टर, म्हणजे रिपीटर, लोक नेमका जिथे रेंज नाही तिथे लावतात. त्याच्यापर्यंतच नेट पोचत नसेल तर तो पुढे देणार काय? शिवाय स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे हाती येणारा वेग निम्म्यावर येतो. फोनवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि मीटिंग अडकायची ती अडकतेच.

आधी फुकटातला उपाय करा. नेटवाल्याला बोलावून फायबर आत ओढून घ्या आणि डबा पॅसेजमध्ये, जिथून दोन्ही बेडरूमची दारं दिसतात तिथे, डोक्याच्या उंचीवर बसवा. तो “वायर पुरणार नाही” म्हणेल. त्याच्या बॅगेत वायर असते, आणि नसली तरी उद्या आणता येते. फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, एवढं बघा. आत काच आहे.

त्याने भागलं नाही तर लॅनची केबल टाका. नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक ठिकाणी बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो. त्याची नळी भिंतीतून दाराजवळच्या पेटीपर्यंत येते आणि आत कुणी काही घातलेलं नसतं. वायरमनकडून तिच्यातून कॅट-६ केबल ओढून घ्या, बेडरूमच्या टोकाला एक साधा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय पसरवायला, लावा. मेश, म्हणजे मिळून एकच नेटवर्क करणारे डबे, घ्यायचा असेल तरी त्याचे दोन डबे शक्यतो केबलने जोडा. हवेतून जोडलेल्या मेशला या भिंतींचा त्रास तेवढाच होतो.

एक बारीक गोष्ट. केबलच्या आठ तारांपैकी चारच टोकाला दाबायची सवय काही जणांना आहे. चार तारांवर शंभर एमबीपीएसच्या वर वेग जात नाही. स्वस्त डब्यांचे पोर्टही शंभराचेच असतात. दोनशेचे पैसे भरून वर्षभर पंचाण्णव वापरणारी घरं मी पाहिली आहेत. लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोडा आणि वेग मोजा. तिथेच पंचाण्णवच्या आसपास अडकला तर दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा कंपनीच्या सेटिंगमध्ये आहे. भिंतींना बोल लावू नका.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, नौपाड्यात जुन्या इमारतीत राहतो. वरच्या मजल्यावर कॉलेजची मुलं भाड्याने राहतात. आमचं नेट संध्याकाळी फार मंद होतं. ती मुलं आमचं वाय-फाय वापरत असतील का? पासवर्ड आमचा मोबाइल नंबर आहे, तो त्यांना कसा कळेल?

उत्तर : काका, तुमचा नंबर त्यांना ठाऊक आहे. पाण्याची मोटर बंद पडली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर तुम्हीच टाकला असेल.

पण नंबर ठाऊक नसता तरी फरक पडला नसता. तुमचा फोन डब्याला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये हवेतून थोडी ओळखपरेड होते. सध्याच्या बहुतेक घरांत असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षेच्या पद्धतीत ही ओळखपरेड शेजारच्या खोलीतला लॅपटॉप पकडून ठेवू शकतो. मग तुमच्या डब्याला पुन्हा हात न लावता, आपल्या टेबलावर बसून एकेक पासवर्ड ताडून बघता येतो. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे शक्यता झाल्या चारशे कोटी. आकडा मोठा वाटतो ना? गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड ताडता येतात. गणित करा. सगळे नंबर संपायला तास-सव्वा तास.

म्हणून पासवर्ड लांब हवा, आणि त्यात आकड्यांपेक्षा शब्द हवेत. आठपासून त्रेसष्टपर्यंत अक्षरं चालतात. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा : एक भाजी, एक भांडं, एक गाव, एक क्रियापद, मध्ये एखादा आकडा. म्हण नको, अभंगाची ओळ नको, नातवाचं नाव आणि जन्मसाल तर मुळीच नको. तुम्हाला लक्षात राहील, दुसऱ्याला सुचणार नाही. आणि माझ्या या नमुन्याबरहुकूम ‘वांगं-पातेलं’ करू नका, हे मासिक वरच्या मजल्यावरही जात असेल.

आता मुलं खरंच जोडलेली आहेत का ते बघा. फोन वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका. तो डब्याच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, इंग्रजी आकड्यांत टाकायचा. आत जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. तुमचे दोन फोन, टीव्ही आणि कदाचित टॅब, एवढंच दिसायला हवं. नावं विचित्र असतात, म्हणून घाबरू नका. आपली उपकरणं एकेक बंद करत जा आणि यादीतून काय कमी होतं ते बघा. शेवटी जे उरेल ते पाहुणे.

पाहुणा एकेकाला हाकलण्याच्या फंदात पडू नका, पासवर्डच बदला. सगळेच बाहेर पडतील, तुमचेही. तुम्ही नवा टाकून आत या. आणि तो कुणाला तोंडी सांगितला नाही, फक्त फोनमध्ये टाकून दिला, म्हणजे गुप्त राहिला असं समजू नका. अँड्रॉइड फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की चौकोनी क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्ड अक्षरांत लिहून येतो. तुमच्या भाच्याने एकदा जोडून घेतला की तो वाटेल त्याला देऊ शकतो. हॅकर वगैरे दूरची गोष्ट झाली. मी जेवढी घरं बघते त्यात पासवर्ड फुटलेला नसतो, वाटलेला असतो.

त्याच पानावर डब्ल्यूपीएस असं काहीतरी दिसेल. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायची ती सोय. पिनच्या पद्धतीतली खोट २०११ मध्येच उघड झाली : पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासले जातात आणि शेवटचा आकडा बाकीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत काम होतं. तुम्ही कितीही लांब पासवर्ड ठेवा, हे मागचं दार उघडं राहतं. ते बंद करा.

आणि हो, संध्याकाळी मंद होण्याचा मुलांशी संबंध नसण्याचीही शक्यता आहे. त्या वेळी सगळी इमारत नेटवरून सिरीयल आणि क्रिकेट बघत असते, आणि केबलवाल्याकडची वाट तेवढीच असते. पासवर्ड बदलूनही संध्याकाळ तशीच गेली तर मुलांना चहाला बोलवा आणि केबलवाल्याला फोन करा.

प्रश्न : माझा प्लॅन अनलिमिटेड आहे. शेजारच्यांनी वापरलं तर माझं काय जातं? पासवर्ड न ठेवता सरळ उघडं सोडलं तर पुण्यच नाही का? — सानपाडा

उत्तर : सानपाड्याहून हा प्रश्न यावा याचं मला नवल वाटलं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या दारात. त्याचा स्फोटांशी काही संबंध निघाला नाही; त्याचं वाय-फाय दुसऱ्याने वापरलं होतं. पण एटीएसची चौकशी, संगणकाची जप्ती आणि देशभरच्या वर्तमानपत्रांतली चर्चा त्याच्या वाट्याला आलीच. पुढच्या दोन महिन्यांत तसेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

तुमच्या डब्यातून जे बाहेर जातं त्यावर बाहेरच्या जगाला तुमचाच पत्ता दिसतो. कंपनीच्या नोंदीत नाव तुमचं, आधार तुमचं. पुण्य करायचंच असेल तर गेस्ट नेटवर्क करा. खालच्या एका उत्तरात त्याबद्दल लिहिलंय.

प्रश्न : नेटवर्कचं नाव लपवून ठेवलं आणि फक्त आपल्या फोनचे मॅक नंबर (प्रत्येक उपकरणाचा ओळखक्रमांक) आत सोडले, तर पासवर्डची गरजच काय? माझ्या मित्राने ऐरोलीत सगळ्यांना असंच करून दिलंय.

उत्तर : मित्राला माझा नमस्कार सांगा, आणि दोन्ही काढून टाका. लपवलेलं नाव साध्या मोफत प्रोग्रॅमला दिसतं. उलट, नाव लपवलं की तुमचा फोन ते विचारत हिंडतो, अगदी ठाणे स्टेशनच्या फलाटावरही. मॅक नंबर हवेत उघडाच जातो, त्याची नक्कल करायला मिनिटही लागत नाही. शिवाय अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन स्वतःच खोटा मॅक नंबर दाखवतात, त्यामुळे तुमचाच फोन कधीतरी बाहेर अडकेल. नाव दिसू दे. फक्त त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका.

प्रश्न : वाशीला आमच्या घरी गीझरसाठी वाय-फायवर चालणारा प्लग आणि दारात कॅमेरा घेतला. कॅमेरा लागला, पण प्लग काही केल्या जोडला जात नाही. आणि कॅमेऱ्यात कुणी डोकावणार नाही ना?

उत्तर : प्लगचं सोपं आहे. असले प्लग बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तुमच्या डब्यात दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असणार, फोन ५ वर बसलाय आणि प्लग त्याला २.४ वर शोधतोय. थोडा वेळ ५ चा पट्टा बंद करा, प्लग जोडा, मग पुन्हा चालू करा. तरीही अडला तर सुरक्षेची पद्धत नुसती डब्ल्यूपीए-३ नाही ना ते बघा. जुन्या वळणाच्या उपकरणांना ती कळत नाही. आणि गीझर असेल तर आधी प्लगवरचा अँपिअरचा आकडा वाचा. १६ हवा. १० चा घेतला असेल तर तो न लागल्याबद्दल देवाचे आभार माना.

कॅमेऱ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास ठप्प झाल्या. त्यासाठी अक्कल फारशी लढवावी लागली नव्हती : कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड त्याच्याकडे होते, ‘अॅडमिन-अॅडमिन’च्या जातीचे, आणि ते एकामागून एक टाकून बघायचे. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड आजच बदला, अॅपमध्ये अपडेट आलं असेल तर घ्या, आणि तुमच्या राउटरच्या पानावर ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे घराबाहेरून राउटर हाताळायची सोय, चालू असेल तर बंद करा. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआरही एकदा तपासायला सांगा. सेक्रेटरींच्या मोबाइलवर गेट दिसावं म्हणून बसवणाऱ्याने बाहेरून वाट उघडी केलेली असते आणि पासवर्ड तोच ठेवलेला असतो.

कॅमेरा, प्लग, बल्ब ही मंडळी गेस्ट नेटवर्कवर ठेवा. बहुतेक डब्यांत ही सोय असते. तिथून बाहेरचं इंटरनेट मिळतं, पण घरातले लॅपटॉप दिसत नाहीत. प्रिंटर मात्र मुख्य नेटवर्कवरच हवा, नाहीतर “प्रिंटर सापडत नाही” म्हणून पुढच्या महिन्यात तुमचं पत्र येईल.

प्रश्न : रात्री वाय-फाय बंद करावं का? सासूबाई म्हणतात लहरी डोक्यात जातात. — कोपरी

उत्तर : डब्याची ताकद वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, आणि या लहरी एक्स-रेच्या जातीच्या नव्हेत. कानाला लावलेला मोबाइल त्यापेक्षा खूप जवळ असतो. पण बंद केल्याने बिघडत काही नाही. कॅमेरा नसेल तर करा बंद आणि घरात शांतता ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात वीज गेली की नेट जातं. घरात इन्व्हर्टर नाही. काही स्वस्त उपाय?

उत्तर : बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी खास छोटे यूपीएस मिळतात, दोन-तीन तास सहज काढतात. घेण्याआधी तुमच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून दुकानात जा. पण नेटवाल्याला एक विचारा : इमारतीत माझ्यापर्यंत फायबर येते की मध्ये कुठे स्विच (लाइन वाटणारा, विजेवर चालणारा डबा) बसवलाय? फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या वाटणीच्या पेटीला वीज लागत नाही, तुमचा डबा जागा असला की काम होतं. गच्चीवर किंवा जिन्यात स्विच असेल तर तो विजेबरोबर झोपतो आणि तुमचा यूपीएस नुसते दिवे लावत बसतो. डब्यावर ‘एलओएस’पुढे लाल दिवा लागला तर भानगड फायबरची आहे. डबा दहा वेळा बंद-चालू करू नका, तक्रार नोंदवा.

प्रश्न : आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची मुलगी बारावीला आहे. त्या कळव्याला राहतात, तिकडे नेट नाही. ती दुपारी आमच्याकडे बसून व्हिडिओ बघून अभ्यास करते. पासवर्ड द्यायला हरकत नाही ना? घरात यावरून वाद झालाय.

उत्तर : द्या की. वाद मुलीवरून नाहीये, पासवर्डवरून आहे, आणि त्याला इलाज आहे. गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. तो उद्या तिच्या मैत्रिणींपर्यंत गेला तर बदलता येतो, तुमच्या टीव्हीला आणि फोनला धक्का लागत नाही. काही डब्यांत गेस्टला वेगाची मर्यादाही घालता येते. पण ती इतकी आवळू नका की भौतिकशास्त्राचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहील. चार-पाच एमबीपीएसमध्ये तो स्वच्छ दिसतो. तुमच्या घरातला एखादा पडून असलेला टॅब असेल तर तोही द्या, मात्र आधी त्यातून तुमचं बँकेचं अॅप आणि ईमेल काढा. आणि ती दुपारी कुठे बसते ते बघा. स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसत असेल तर पहिल्या उत्तरातल्या कासारवडवलीकरांसारखी तिलाही रेंज मिळत नसेल. तिला डायनिंग टेबलाशी बसू द्या.